वाचकांचे प्रश्न : कुरळ्या केसांची निगा

कुरळ्या केसांविषयी आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे जाणवली. तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी त्यांपैकी बऱ्याचशा केस धुतल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाशी येऊन ठेपतात. त्यामुळे या अर्ध्या तासाविषयी खाली अंमळ जास्तच लिहिले गेले आहे.

प्रश्न : माझे केस ओले असताना बटा अगदी रेखीव दिसतात, पण वाळले की सगळे पिंजारतात. न्हाऊन झाल्यावर मी टॉवेलने केस खसाखसा पुसते, विंचरते, पंख्याखाली वाळवते आणि शेवटी सीरम लावते. सीरम दोनदा बदलून पाहिले, तरी फरक नाही. माझे केस मुळात कुरळे आहेत की नुसतेच राठ?

उत्तर : ओले असताना बटा दिसतात, त्या अर्थी केस कुरळेच आहेत. केसाला वळण त्वचेच्या आत, केस जिथे तयार होतो त्या केशकूपातच मिळते. केशकूप वाकडा असेल, तर केसाच्या दोन बाजू सारख्या घडत नाहीत आणि केस वळत वळत बाहेर येतो. हे वळण टिकवून धरणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. गंधकाचे बंध पक्के असतात व ते पाण्याने तुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र केस भिजताच सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. केस त्या वेळी ज्या आकारात असेल, त्याच आकारात ते जुळतात. तुमच्या बटा नेमक्या याच वेळी टॉवेलने विस्कटल्या जातात आणि कंगव्याने सुट्या होतात. मग केस त्या विस्कटलेल्या आकारातच वाळतो. त्यावर शेवटी लावलेले सीरम फार तर चमक आणते. मोडलेली बट ते पुन्हा बांधू शकत नाही.

तेव्हा सीरम बदलण्याऐवजी क्रम बदलून पाहा. विंचरायचे ते केस भिजलेले आणि कंडिशनर लावलेले असतानाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने, आणि त्यानंतर कंगवा बाजूला ठेवून द्यायचा. कंडिशनर धुताना ओंजळीत पाणी घेऊन केस खालून वर मुठीत दाबावेत. पचपच असा आवाज येऊ लागला की पाणी आणि कंडिशनर केसांत नीट मुरले आहे असे समजावे. डोके उलटे धरून हे केल्यास मुळाशी केस चपटे बसत नाहीत. यानंतर केस पुसू नयेत, हातानेच हलके पिळावेत. पाणी अजून ठिबकत असतानाच लीव्ह-इन क्रीम, म्हणजे न धुता केसांत तसेच ठेवायचे क्रीम, आणि त्यावर जेल लावावे. जेल दोन्ही तळहातांवर पसरून प्रथम केसांच्या वरून खाली फिरवावे आणि मग प्रत्येक झुबका टोकाकडून मुळाकडे मुठीत दाबावा. उरलेले पाणी जुन्या सुती टी-शर्टने टिपून घ्यावे. टॉवेलच्या उभ्या धाग्यांत केस अडकतात, टी-शर्टच्या गुळगुळीत कापडात ते अडकत नाहीत, एवढेच त्यामागचे कारण आहे.

आणि मग केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. सगळ्या कृतीत हीच पायरी सर्वांत अवघड आहे, असे माझे मत आहे, कारण अर्धवट वाळलेल्या केसांत बोटे घालण्याचा मोह आवरत नाही. वाळल्यावर जेलमुळे केस कडक आणि कुरकुरीत लागतील. त्याने घाबरून जाऊ नये. केस आतपर्यंत वाळल्याची खात्री झाली, की तळहाताला दोन थेंब तेल चोळून बटा हळूहळू चुरगाळाव्यात. वरचा कडक थर मोडतो आणि आत मऊ बट उरते. घाई असेल तर हेअर ड्रायरला डिफ्यूजर, म्हणजे हवा पसरवणारे रुंद तोंड, लावून, कमी वेगावर आणि कोमट हवेवर केस वाळवावेत. पंख्याची हवा चारही बाजूंनी केस उडवते, म्हणून ती टाळावी.

प्रश्न : माझे केस ३ए आहेत की ३बी, हे ठरवता येत नाही. शिवाय पाण्याच्या पेल्यात केस टाकून पाहिला तर तो तरंगला. म्हणजे माझे केस ओलावा घेत नाहीत का?

उत्तर : केसांचे १ ते ४ असे गट पाडण्याची पद्धत अमेरिकी केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात लोकप्रिय केली, ३ए, ३बी हे तिच्यातलेच पोटप्रकार. वर्णनाला ती सोयीची आहे, पण एकाच डोक्यावर मानेपाशी घट्ट वेटोळे आणि माथ्यावर नुसत्या लाटा असणे अगदी नेहमीचे आहे. पेल्याच्या चाचणीवर मी मुळीच विसंबणार नाही. पाण्याचा पृष्ठताण, केसावर राहिलेले तेल किंवा कंडिशनर, केसाला चिकटलेला हवेचा बुडबुडा, यांपैकी कशानेही केस तरंगू शकतो.

त्यापेक्षा दोन गोष्टी पाहा. केस धुताना ते लगेच भिजतात की पाणी काही काळ वरून ओघळून जाते? आणि एक केस चिमटीत धरल्यावर तो बोटांना जाणवतो की जाणवतही नाही? उशिरा भिजणाऱ्या केसांना पातळ, हलकी उत्पादने आणि कोमट पाणी मानवते. रंगवलेले किंवा ब्लीच केलेले केस पटकन भिजतात आणि पटकन कोरडेही होतात. त्यांना दाट कंडिशनर लागतो. केस बारीक असतील, तर जड क्रीम आणि बटरने बटा लोंबतात, म्हणून फक्त जेल किंवा मूस पुरेसे होते. यापलीकडे अक्षरांचा हिशेब ठेवण्याची गरज नाही.

प्रश्न : कुरळ्या केसांना शाम्पू वाईट असे वाचल्यापासून मी कित्येक महिने केवळ कंडिशनरने केस धुते आणि टाळूला भरपूर तेल लावते. केस मऊ झाले, पण डोके सतत खाजते आणि पिवळसर, चिकट कोंडा पडतो. अजून तेल वाढवावे का?

उत्तर : नाही. तेल आजच थांबवा आणि शाम्पू पुन्हा सुरू करा. टाळू आणि केस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या गरजाही निराळ्या आहेत. टाळूवर तेलग्रंथी असतात, घाम येतो, मृत त्वचा सुटते. सरळ केसावरून हे तेल घसरगुंडीवरून उतरावे तसे टोकापर्यंत जाते. कुरळ्या केसावर ते प्रत्येक वळणावर अडते. त्यामुळे टाळू तेलकट आणि टोके कोरडी, अशी विषम स्थिती कुरळ्या केसांत सर्रास आढळते. तुम्ही टोकांचा उपाय टाळूवर केला आहे.

कोंड्यामागे बहुधा मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो. ती प्रत्येकाच्या त्वचेवर असते आणि तेलातील स्निग्धाम्लांवर जगते. वरून लावलेली बहुतेक खाद्यतेलेही तिच्या उपयोगी पडतात, म्हणून तेलाने खपल्या काही तास दबलेल्या दिसल्या, तरी कोंडा कमी होत नाही. कीटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, फक्त टाळूला लावा. तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवून मग धुवा. घाई करून लगेच धुतल्यास औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. केसांच्या लांबीला आधीच कंडिशनर लावून ठेवला, तर औषधी शाम्पूने ती राठ होणार नाही. चार आठवड्यांत फरक पडला नाही, टाळूवर लाल चट्टे उठले किंवा जागोजाग केस विरळ होऊ लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

आता शाम्पू वाईट असतो या समजुतीविषयी. सोडियम लॉरिल सल्फेटसारखे तीव्र घटक कुरळ्या केसांना कोरडे करतात, हे खरे आहे, आणि रोजच्या वापरासाठी कोकामिडोप्रोपिल बिटेनसारख्या सौम्य घटकांचा शाम्पू अधिक चांगला. पण डायमेथिकोनसारखी पाण्यात न विरघळणारी सिलिकोन वापरत असाल, तर त्यांचा थर काढायला नुसता कंडिशनर पुरत नाही. बाटलीवर अल्कोहोल हा शब्द दिसताच ती परत ठेवणारेही पुष्कळ आहेत. सीटिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे स्निग्ध द्रव्य आहे आणि ते केस मऊ करते. कोरडे करते ते डीनेचर्ड अल्कोहोल, तेही यादीत वरच्या क्रमांकावर असल्यास.

तेल आवडत असेल तर ते सोडू नका, फक्त त्याची जागा बदला. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातील प्रथिनाची झीज कमी करते. धुण्याच्या तासभर आधी कानाच्या खालच्या लांबीला थोडेसे लावणे पुरेसे आहे. कोंडा पूर्ण आटोक्यात येईपर्यंत टाळूला मात्र नको.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे केस दाट कुरळे आहेत. आईला सकाळी लवकर निघावे लागत असल्याने केस विंचरण्याचे काम माझ्याकडे आहे आणि रोज रडारड होते. केस कापून टाकावेत का?

उत्तर : कापण्याची घाई करू नका, आधी कोरडे केस विंचरणे बंद करा. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा प्रत्येक वळणाशी झगडतो आणि त्या झगड्यात केसही तुटतो. रोज सकाळी फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि थोडासा कंडिशनर मिसळून केस ओलसर करावेत, त्यांचे चार भाग करून तीन भाग चापाने वर अडकवावेत आणि एका वेळी एकच भाग हाती घ्यावा. गुंत्याच्या वर, डोक्याच्या बाजूला, केस एका हाताच्या मुठीत पक्के धरून ठेवावेत, म्हणजे ओढ मुठीला बसते, टाळूला बसत नाही. मग टोकापासून सुरुवात करून बोटभर बोटभर वर सरकावे. मुळापासून खाली कंगवा ओढला, की सगळे छोटे गुंते खाली जमून एक मोठी गाठ होते. रडण्याचे कारण बहुतेक वेळा हीच गाठ असते.

सकाळचा गुंता खरे तर रात्री तयार होतो. झोपताना सैल वेणी घातली आणि उशीला सॅटिनचा अभ्रा घातला, तर काम निम्म्यावर येईल. वेणी किंवा पोनी कपाळापाशी ताणून बांधू नये. सततच्या ओढीने कडेचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. आणि एक अवांतर विनंती : विंचरताना तिच्या केसांना वैतागून नावे ठेवू नका. मोठ्या वयाच्या वाचकांच्या पत्रांत लहानपणी ऐकलेली अशी वाक्ये जशीच्या तशी उतरलेली दिसतात.

प्रश्न : केस धुण्याच्या दिवशी इतके केस हातात येतात की भीती वाटते.

उत्तर : दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. कुरळ्या केसांत ते खाली न पडता बटांत अडकून राहतात आणि चार दिवसांचे एकदम हातात येतात. भांग रुंदावत असेल किंवा धुण्याच्या दिवसांतील अंतर न बदलता गळती वाढली असेल, तरच तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मुलाखतीसाठी व्यवस्थित दिसावे म्हणून केराटिन ट्रीटमेंट करून घेण्याचा विचार आहे. त्यात फॉर्माल्डिहाइड नाही, असे पार्लरमध्ये सांगितले. ती सुरक्षित आहे का?

उत्तर : केस सरळ करायचे की नाही, हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे, कुरळे केस अव्यवस्थित असतात ही समजूत मात्र मला मान्य नाही. सुरक्षिततेविषयी बोलायचे तर, केवळ तोंडी आश्वासनावर विसंबू नका. लेबलवर फॉर्माल्डिहाइड हा शब्द नसला, तरी मिथिलिन ग्लायकॉल किंवा फॉर्मॅलिन असेल तर गरम इस्त्री फिरताच तोच वायू बाहेर पडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या वापरानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत. बाटलीवरील घटकांची यादी स्वतः वाचायला मागा; ती दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या. गरोदरपणात हा प्रकार नकोच.

रीबाँडिंगची गोष्ट वेगळी. त्यात गंधकाचे पक्के बंधच तोडून नव्या आकारात जोडले जातात, म्हणून सरळ झालेला भाग पुन्हा कुरळा होत नाही. नवा केस मात्र महिन्याला साधारण १ सेंटीमीटर या गतीने कुरळाच उगवतो. केस ३० सेंटीमीटर लांब असतील, तर मूळचे केस परत मिळवायला अडीच वर्षे लागतील, आणि तोवर वर कुरळे व खाली सरळ अशा दोन जातींचे केस सांभाळावे लागतील.

एका दिवसापुरतेच सरळ केस हवे असतील, तर पूर्ण कोरड्या केसांवर उष्णतारोधक लावून, १८० अंश सेल्सिअसच्या आत, प्रत्येक बटेवरून एकदाच इस्त्री फिरवा. केस ओलसर असतील तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ फुगे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. इस्त्री फिरवताना चर्र असा आवाज आला, तर केस अजून ओले आहेत.

प्रश्न : केस कापून आले की नेहमीच अपेक्षेपेक्षा आखूड होतात. काय सांगून कापून घ्यावेत?

उत्तर : ओला, ताणलेला कुरळा केस वाळल्यावर आक्रसतो आणि सगळ्या बटा सारख्या आक्रसत नाहीत. म्हणून केस धुऊन, नेहमीसारख्या बटा पाडून, कोरडेच घेऊन जा आणि कोरडेच कापायला सांगा. पहिल्या वेळी फक्त फाटे फुटलेली टोके काढून घ्या. रेझरने किंवा विरळ करण्याच्या कात्रीने कापू देऊ नका. त्याने टोके पिंजारतात. हवी ती लांबी आरशासमोर बट सोडलेली असताना दाखवा, ओढून धरलेली असताना नव्हे.