बाबांना क्वीन्स पार्क ओव्हल दाखवायचंय

प्रश्न : १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्याच्या गोष्टी ऐकतच मी वाढले. बाबा आता पंच्याहत्तरीचे आहेत. त्यांना पोर्ट ऑफ स्पेनचं मैदान दाखवायचंय. त्रिनिदादला कधी जावं? क्रिकेटखेरीज तिथे काय बघावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर न्या, आणि लवकर न्या. जानेवारी ते मे पाऊस कमी असतो. फक्त कार्निव्हलचा आठवडा टाळा. ती गर्दी आणि रात्रभरचं संगीत बाबांना झेपणार नाही.

ओव्हल शहरातच आहे. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ काढल्या, गावसकरांनी पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७. मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत गावसकरांनी याच मैदानावर १२४ आणि २२० केल्या. बाबांना हे सगळं पाठ असेलच, तेव्हा तिथे बोलू द्या त्यांनाच.

पण एक दिवस त्रिनिदादच्याच वॉटरलू गावातल्या, समुद्रातल्या देवळासाठी राखाच. १८४५ साली ३० मे रोजी 'फतेल रझाक' जहाजातून भारतीय मजूर या बेटावर उतरले. त्या तारखेला आजही सुट्टी असते. पुढे शिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुराने देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती, म्हणून ते पाडलं गेलं आणि त्यांना तुरुंगातही जावं लागलं. सुटल्यावर सायकलवरून दगडमाती वाहून त्यांनी भर समुद्रात देऊळ उभारलं. वर्षानुवर्षं, जवळपास एकट्याने! मला विचाराल तर अख्ख्या कॅरिबियनमध्ये याहून मोठं काही नाही. आज तिथवर बांधीव वाट आहे, बाबा सहज चालत जातील. परतताना कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळची नाव घ्या. लालभडक आयबिस पक्षी थव्याने झाडांवर परततात.

शेजारच्या टोबॅगो बेटावर विमानाने अर्ध्या तासात पोचता येतं. दोन दिवस पुरेत.

भारतातून थेट विमान नाही. वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा. त्रिनिदादच्या व्हिसाचे नियम दिल्लीतल्या त्यांच्या उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या. वीज ११५ व्होल्टची, प्लगही वेगळे. लष्करी छापाचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत, मुलांचेसुद्धा; बॅगेत ठेवू नका. शाकाहारी असाल तर सकाळी रस्त्यावर 'डबल्स' खा : दोन मऊ तळलेले 'बारा' आणि मध्ये छोल्यांची रस्सेदार भाजी. बाबांसाठी तिखट कमी सांगा, तिथली मिरची जबर असते.