शीळ एकाची, रंग दुसऱ्याचा

प्रश्न : आषाढात आम्ही पहाटेच अंजनेरीच्या पायथ्याशी पोहोचलो होतो. पुरते उजाडलेही नव्हते, तेव्हा ओढ्याच्या घळीतून माणसाने शीळ घालावी तसा आवाज बराच वेळ येत राहिला. पुढे झाडीत करवंदाच्या जाळीखाली एक नारिंगी पक्षी पाचोळा उलटताना दिसला. त्याची पाठ निळसर राखाडी होती आणि पांढऱ्या गालावर दोन काळपट उभे पट्टे होते. शीळ घालणारा पक्षी हाच का? मोबाइलवर त्याचा आवाज लावून त्याला उघड्यावर बोलावता येईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेला पक्षी आणि आपण ऐकलेला पक्षी हे दोन वेगळे आहेत. पाहिलेला पक्षी म्हणजे नारिंगी डोक्याचा कस्तूर. आपण गालावरचे पट्टे नोंदवलेत, हे फार चांगले केलेत, कारण पांढरा गळा आणि डोळ्याखालून उतरणारे ते दोन पट्टे ही आपल्या द्वीपकल्पात आढळणाऱ्या त्याच्या उपजातीची खूण आहे. हिमालयातील उपजातीचे डोके सलग नारिंगी असते. पाठ स्वच्छ निळसर राखाडी होती, त्याअर्थी आपल्याला नर दिसला. मादीच्या पाठीवर तपकिरी-हिरवट झाक असते. निळ्या डोक्याचा कस्तूरही पोटाकडून नारिंगी दिसतो, पण तो सह्याद्रीत हिवाळी पाहुणा असतो आणि आषाढात हिमालयात विणीला गेलेला असतो. निखाराचा नरही भडक रंगाचा, परंतु त्याचे डोके काळे असते आणि तो झाडांच्या शेंड्यांवर वावरतो, त्यामुळे पाचोळ्यात त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

हा कस्तूर जमिनीवर पोट भरतो. दाट सावलीत दोन-चार उड्या मारून तो थांबतो, चोचीने एखादे कुजके पान झटक्यात बाजूला उडवतो आणि खालचे गांडूळ, कीटक किंवा गोगलगाय टिपतो. पिकलेली रानफळेही त्याला आवडतात. चाहूल लागली की तो बहुधा जागच्या जागी थिजतो, आणि मग इतका उठावदार पक्षी उन्हाच्या कवडशांत व वाळल्या पानांत समोर असूनही नजरेतून निसटतो. पावसाळ्यात तो फांदीवर स्थिर बसून गोड, चढउतारांचे गाणे गातो आणि त्यात इतर पक्ष्यांच्या नकलाही मिसळतो. ते ऐकणे हे पावसाळी जंगलातले एक मोठे सुख आहे, असे मला वाटते.

घळीतली शीळ मात्र शीळकरी कस्तुराची. तो मैनेपेक्षा थोडा मोठा आणि दुरून काळा दिसतो; ऊन पडले की कपाळावरचा आणि खांद्यावरचा गडद निळा रंग चमकतो. नर-मादी सारखेच असतात. नावात कस्तूर असले तरी आता त्याची गणना माशीमार पक्ष्यांच्या कुळात होते. वाहत्या ओढ्याकाठी, खडकांच्या आडोशाने तो खेकडे, बेडूक, गोगलगायी आणि किडे पकडतो आणि पाण्यालगतच्या कपारीत, क्वचित एखाद्या जुन्या इमारतीतही, घरटे बांधतो. विणीच्या दिवसांत तांबडे फुटण्याआधीच तो शीळ घालू लागतो. तिला ठरावीक चाल नसते, सूर मध्येच चढतात, मध्येच तुटतात. म्हणूनच कोणी माणूस आपल्याच तंद्रीत शीळ घालत आहे असा भास होतो.

असा घोटाळा टाळायचा असेल, तर आवाजाबरोबर पक्ष्याची चोच हलताना दिसेपर्यंत त्या आवाजावर त्याचे नाव लिहू नये.

आवाज लावण्याविषयी माझी कळकळीची विनंती आहे की पावसाळ्यात तसे मुळीच करू नका. हा दोन्ही पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून पक्षी बिथरतो, आवाजाचा माग काढण्यात वेळ दवडतो आणि तेवढा वेळ अंडी किंवा पिले उघडी पडू शकतात. त्यापेक्षा सकाळी लवकर, भडक कपडे टाळून, पाचोळा साचलेल्या सावलीच्या जागी थोडे दूर बसून राहावे. पाने खसखसताना ऐकू आली की आधी दुर्बीण उचलण्याऐवजी नुसत्या डोळ्यांनी जागा हेरावी, कारण हाताच्या एकदम झालेल्या हालचालीने हा कस्तूर खालच्या फांदीवर उडून दिसेनासा होतो. दुर्बीण त्याने पुन्हा पान उलटायला सुरुवात केल्यावरच लावावी.