सोलापुरात गच्चीवरच्या टोमॅटोंना अळी लागलीय, फळांना भोकं पडतायत. काय करू?

फळाला गोल भोक आणि अळीचं अर्धं अंग बाहेर, असं दिसतंय ना? मग ती घाटेअळी. तुरी-हरभऱ्यावर येते तीच. चार-पाच कुंड्यांसाठी विषारी औषधाच्या भानगडीत पडू नका. सकाळी पानं उलटी करून बघा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. भोकाची फळंही तोडा, एकच अळी बरीच फळं नासवते. मग ५० ग्रॅम निंबोळीची भरड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून फवारा. पण संध्याकाळीच हं, आपल्याकडच्या उन्हात अर्काचा जोर टिकत नाही. आठवड्याने पुन्हा एकदा. शेजारी झेंडू लावा, पतंग अंडी घालायला तिकडे वळतात. मी दोन कुंड्या लावल्या, दसऱ्याच्या तोरणाची सोयही झाली.