वीज जाणार हे आधी कळवणे बंधनकारक आहे का?

प्रश्न : हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्री वावरात जावे, तर लाइन नसते, घरी परतलो की येते. शहरातील नातेवाइकांना वीज जाण्यापूर्वी मोबाइलवर संदेश येतो, आम्हाला येत नाही. हा नियम केवळ शहरांसाठी आहे काय?
— एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये लागू केलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार, नियोजित दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची असल्यास वितरण कंपनीने ग्राहकांना तसे कळवले पाहिजे, आणि अचानक बिघाड झाल्यास वीज अंदाजे केव्हा सुरू होईल, हेही एसएमएसने किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने लगेच सांगितले पाहिजे. शेतीला चोवीस तासांपेक्षा कमी वीज देण्याची मुभा मात्र याच नियमांत आहे. म्हणून कृषी फीडरचे (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीचे) ठरलेले भारनियमन आणि न सांगता झालेला खंड यांची गल्लत तक्रारीत होऊ देऊ नये.

आपल्याला संदेश का येत नाही, याचे कारण बहुधा जोडणीतच सापडेल. खेड्यांत कित्येक कृषिपंपांची जोडणी अजून आजोबांच्या नावावर असते आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक जुना तरी असतो किंवा नसतोच. बिलावरचा ग्राहक क्रमांक देऊन आपला क्रमांक नोंदवून घ्यावा. मात्र तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. वीज बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते, रेंज जाते आणि ज्याला खरी गरज आहे त्यालाच संदेश मिळत नाही. त्यामुळे केवळ एसएमएस पाठवून कंपनीची जबाबदारी संपली, असे मानणे मला पटत नाही. नियोजित बंदची सूचना आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि दवंडीने गावभर कळावी, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करता येईल.

कळवले नाही तर नुकसान शेतकरी आणि कंपनी या दोघांचेही होते. लाइन केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने शेतकरी पंपाला ऑटो स्विच बसवतो; मग वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात, भार वाढतो आणि डीपी (रोहित्र) जळते. कंपनी ऑटो स्विच काढा म्हणून सांगते, ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे, पण वेळ न सांगता तो सल्ला कोण मानणार?

प्रत्येक वेळी १९१२ या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आणि वीज गेल्या-आल्याची वेळ लिहून ठेवावी. स्थानिक कार्यालयाने दाद न दिल्यास वीज कायदा, २००३ नुसार स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे लेखी अर्ज करावा. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर विदर्भातील ग्राहकांना नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे जाता येते.