वही घेतलीस का?

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

परवा हैदराबाद रोडला गॅरेजात येऊन तू विचारलंस, "काका, आयटीआय करू, हेवी लायसन्स काढू, का ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागू?" मी गाडीखाली होतो, तुटक बोललो. तुझा चेहरा रात्रभर डोळ्यांसमोर राहिला, म्हणून लिहितोय.

अठराव्या वर्षी ट्रकचं लायसन्स मिळतच नाही. वीस पूर्ण लागतात, त्यातही हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं हवं. मोटार मेकॅनिकचा आयटीआय दोन वर्षांचा. हिशेब तूच कर. पण आधी एक दोनशे पानी वही घे.

गाडी नंबर, किलोमीटर, ड्रायव्हरची तक्रार त्याच्याच शब्दांत, सापडलं काय, केलं काय. रोज लिहायचं. हात काळे असले तरी लिहायचं.

मी नाही लिहिलं. नुसत्या आवाजावरून दोष सांगायचो, त्याचा माज होता. एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या गाड्या आल्या. त्यातली एक "पिकअप नाही" म्हणून आली. धुराच्या लाईनीतला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, चोंदला होता. साफ करून दिला. परत आली, परत साफ केला. तिसऱ्यांदा ती दुसरीकडे गेली. तिथल्या पोराने टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, रबरी पाईपची बारीक चीर शोधली. हवा तिथून गळत होती, डिझेल नीट जळत नव्हतं, काजळी त्यानेच धरत होती. दोन्ही खेपांचे किलोमीटर लिहिलेले असते, तर एवढ्यात परत कसं चोंदलं, हे मलाच खटकलं असतं. त्या मालकाच्या सहाही गाड्या गेल्या. माझ्याकडे गाडीला जोडून दोष दाखवणारा स्कॅनर नव्हता, खरंय. बहिणीचं लग्न काढलं होतं, पैसे आणणार कुठून? आजही तसंच केलं असतं. पण वहीला कुठे पैसे लागत होते?

ऑफिसात बसलास तरी वही लागेलच. ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, 200 किलोमीटरला एक दिवस चालतं. सोलापूरहून हैदराबाद 300 च्या वर, म्हणजे दोन दिवस. चादरींची गाडी वाटेत जहीराबादला बंद पडली, तर बिल कधी संपतं ते समोर लिहिलेलं पाहिजे. मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ, तेवढ्यातच ती वाढवता येते. स्टिअरिंगवर बसलास तर डिझेल, टायर, ऑइल, सगळं किलोमीटरसकट. "लक्षात राहतं" एवढं मला सांगू नकोस. वीस वर्षं मी तेच म्हणत होतो.

शनिवारी संध्याकाळी ये. मार्केट यार्डात कांदा उतरवून एक गाडी येणार आहे, ब्रेकची हवा टिकत नाही तिची. तू पान्याला हात लावायचा नाहीस. मी सांगेन, तू लिहायचं.