व्यायाम दोन तास, जेवण दीड चपाती

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी आणि मेसेजपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल आहेत. कोणी भरतीसाठी धावतंय, कोणी तालमीत आहे, कोणी सांगलीच्या आमराईत फेऱ्या मारतंय आणि सगळ्यांची तक्रार एकच: व्यायाम सुरू केला आणि भूकच मेली. सोबत ऐकीव सल्लेही तेच ते. म्हणून या वेळी फक्त याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. तुमचे रक्ताचे रिपोर्ट, तुमची चालू औषधं मला इथून दिसत नाहीत. तेव्हा जिथे ‘डॉक्टरांकडे जा’ असं लिहिलंय, तिथे खरंच जा.

प्रश्न : वय २१, वजन ५४ किलो. पोलीस भरतीसाठी पहाटे पाच ते सात मैदानावर असतो. घरी आल्यावर ताट समोर आलं की मळमळतं. दुपारी दोनपर्यंत काही जात नाही. महिन्याभरात वजन दोन किलोंनी उतरलं. (पलूस)

उत्तर : जोरात धावून आल्यावर भूक मरते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. धावताना रक्त पोटाकडून पायांकडे वळतं. भूक जागी करणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक काही काळ खाली जातं आणि ‘पोट भरलं’ असं सांगणारी संप्रेरकं वर जातात. ऊन आणि घाम असला की हे आणखी जाणवतं. साधारण तासा-दोन तासांत ते ओसरतं. पण नेमक्या याच वेळात स्नायूंमधला ऊर्जेचा साठा रिकामा झालेला असतो. भुकेची वाट बघत दोन वाजेपर्यंत थांबलात की दिवसातलं एक अख्खं जेवण बुडालं, आणि रात्री दोन भाकरी जास्त खाऊन ते भरून निघत नाही.

चावायला नको वाटतं तेव्हा प्यायचं. आपल्या तालमींना हे फार आधी कळलेलं आहे. पहाटेची मेहनत झाल्यावर पैलवान लगेच ताट घेऊन बसत नाही. दगडी कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप घोटली जाते आणि दुधातली थंडाई आधी पोटात जाते. बदाम परवडत नसतील तर शेंगदाणे घ्या, काही बिघडत नाही. पाव लिटर म्हशीचं दूध, एक केळं, दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि गुळाचा छोटा खडा मिक्सरमधून फिरवा. यात ५०० च्या आसपास कॅलरी आणि सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. घरी आल्यावर आधी पाणी किंवा मीठ घातलेलं ताक घ्या, दहा मिनिटं बसा, मग हे अर्ध्या तासात घोट घोट घ्या. गटागट प्यालात तर उलटी होईल. दूध पचत नसेल तर दही घ्या, नाहीतर डाळ्याचं पीठ आणि गूळ पाण्यात कालवून घ्या. साडेनऊ-दहाला व्यवस्थित जेवा, तोपर्यंत मळमळ गेलेली असते. निघण्याआधी अर्धं केळं किंवा दोन खजूर खा.

दर रविवारी सकाळी, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. तीन आठवडे असं करूनही वजन उतरतच राहिलं, किंवा संध्याकाळी कणकण येत असेल, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल, तर हा व्यायामाचा परिणाम समजू नका. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमचे सर म्हणतात, भूक लागत नाही म्हणजे शरीराला गरज नाही. खरं आहे का? (विटा)

उत्तर : नाही. वरचं उत्तर सरांनाही वाचायला द्या.

प्रश्न : धावून आल्यावर चहा-खारी चालते का? (आष्टा)

उत्तर : चहाने उरलीसुरली भूक जाते आणि जेवणातलं लोहही अंगी लागत नाही. चहा जेवणानंतर तासाभराने घ्या. खारी नको.

प्रश्न : जिममधल्या ट्रेनरने मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरचा) डबा घ्यायला सांगितलाय, किंमत साडेतीन हजार. मित्र म्हणतो त्यापेक्षा भूक वाढवणाऱ्या गोळ्या घे, महिन्यात पाच किलो वाढतं. मी कंपनीत रात्रपाळीला असतो. (कुपवाड)

उत्तर : डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते पहिलं लिहितात. बहुतेक गेनरमध्ये पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं असतं. मक्यासारख्या धान्याच्या पिठुळापासून केलेली, पटकन साखर होणारी ही पावडर आहे. ‘एका वेळी हजार कॅलरी’ असं छापतात, पण ती ‘एक वेळ’ म्हणजे किती चमचे पावडर आणि त्यात किती दूध धरलंय, तेही बघा. कॅलरी खऱ्या असतात, पण त्यांची किंमत तुमच्या खिशाला झेपणारी नाही. साडेतीन हजारांत घरी किती दूध, अंडी, शेंगदाणे येतील, याचा हिशेब तुम्हीच करा. आणि जो डबा विकतो त्यालाच ‘घेऊ का’ असं विचारू नका.

गोळ्यांचं मात्र गंभीर आहे. कागदाच्या पुडीत, नाव नसलेल्या गोळ्या देत असतील तर हातही लावू नका. अशा गोळ्यांत सिप्रोहेप्टाडीन असू शकतं. ते मूळचं ॲलर्जीचं औषध आहे, त्याने भूक वाढते आणि गुंगीही येते. रात्रपाळीला मशिनवर उभ्या असलेल्या माणसाला गुंगी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. काहींत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असतं. त्याने गाल फुगतात, अंगात पाणी साठतं, काटा वर जातो आणि माणूस खूश होतो. आतून मात्र साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाशी लढायची ताकद जाते. पुडीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलं म्हणून आत काय आहे ते बदलत नाही. तुमचा मित्र बरेच आठवडे घेत असेल तर त्याने त्या एकदम बंदही करू नयेत, तेही धोक्याचं असतं. गोळ्या सोबत घेऊन त्याने फिजिशियनकडे जावं, आणि उद्याच जावं.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, तालमीत जातो. रोज किती बदाम द्यावेत? (कवठेमहांकाळ)

उत्तर : दहा-बारा पुरेत. त्यांतून जेमतेम ७०-८० कॅलरी मिळतात. त्याच्या वयाला आणि मेहनतीला लागणाऱ्या बाकीच्या सगळ्या कॅलरी भाकरी, भात, डाळ, दूध, अंडी यांतूनच यायच्या आहेत.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, महिला पोलीस भरतीची तयारी करते. दोन वेळा सराव. भूक नाही म्हणते, थोडंसंच खाते. पाच महिने पाळी आलेली नाही. मैदानावरच्या मुली म्हणतात, व्यायामाने असं होतंच, भरती झाली की येते. आता नडगीही दुखते. पाळी यायची गोळी द्यावी का? (एक आई, तासगाव तालुका)

उत्तर : ताई, या आठवड्यात तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. भरती झाल्यावर नाही, आता. आणि पाय तपासून होईपर्यंत धावणं बंद.

हा प्रश्न मला वर्षानुवर्षं येतोय आणि दर वेळी उशिरा येतो. ‘व्यायामाने पाळी जाते’ हे वाक्य आता गावोगावच्या मैदानांवर इतकं मुरलंय, की मुली ते तयारी चांगली चालल्याची खूण समजायला लागल्यात. व्यायामाने पाळी जात नाही. व्यायामाच्या मानाने अन्न कमी पडलं की जाते. शरीर आधी हृदय, मेंदू चालवतं. उरलं तर हाडं भरणं, पाळी चालू ठेवणं. काही उरलंच नाही की ही कामं बंद पडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला खेळातली ऊर्जेची तूट अशा अर्थाचं नाव दिलं. ती मुलांमध्येही होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते.

हिशेब सांगते. ५० किलोच्या मुलीच्या अंगातली चरबी वजा केली तर साधारण ४० किलो उरतात. या प्रत्येक किलोला, सरावाचा खर्च सोडून, दिवसाला ४५ कॅलरी मिळाल्या तर सगळं सुरळीत चालतं. म्हणजे १८०० आणि सरावाच्या सुमारे ४००, एकूण २२००. हा आकडा ४५ वरून ३० च्या खाली गेला की बहुतेकींचं शरीर काटकसर सुरू करतं.

मागच्या वर्षी अशीच एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. कालचा दिवस सांग म्हटलं. पहाटे चहा, दोन बिस्किटं. दहाला दीड चपाती आणि वांग्याची भाजी. चारला चहा. रात्री एक भाकरी, वाटीभर आमटी. ‘दमलं की जात नाही हो मॅडम.’ बेरीज नऊशेच्या आसपास झाली. सरावाच्या ४०० वजा केल्या तर किलोमागे १२-१३ उरतात. मग मी तिच्या नडगीवर अंगठा फिरवत गेले. एका जागी, रुपयाएवढ्या जागेवर, दाबलं आणि ती खुर्चीतून उठलीच. सहा आठवडे त्या जागेवर तेल चोळून ती धावत होती. एक्स-रे साफ आला होता, म्हणून सगळे निश्चिंत होते. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय केला तेव्हा ती दिसली. त्या वर्षीची तिची भरती गेली. तुमच्या मुलीचं दुखणं असं एका बोटाखाली येतं का, की सगळी नडगी दुखते, ते डॉक्टरांना नीट सांगा.

डॉक्टर आधी गर्भधारणेची तपासणी सांगतील. तो सगळ्यांसाठीचा नियम आहे, त्यात अपमान मानून उठून येऊ नका. पुढे थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, गरज वाटली तर सोनोग्राफी. पाळी जायला दुसरी कारणंही असतात. ती नाहीत हे कळल्याशिवाय फक्त ‘खाणं कमी’ असं मीही म्हणणार नाही. आणि गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका. गोळीने रक्तस्राव होतो, घरचे निर्धास्त होतात आणि हाडांची झीज तशीच चालू राहते. हाडांची बहुतेक भरणी विशीच्या आसपास होऊन जाते. ही वर्षं तिला पुन्हा मिळणार नाहीत.

आता खाण्याचं. आधी हे बघा, की ती कमी का खाते. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते का? ‘हलकी राहिलीस तर ८०० मीटरला वेळ कमी लागेल’ असं कोणी सांगितलंय का? मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून पहाटे काही खात-पीत नाही, असं मला किती मुलींनी सांगितलंय. तिलाही विचारा. ताट मोठं करू नका, तिला ते बघूनच नको होईल. आहे त्याच घासात भर घाला. भातावर दोन चमचे तूप घातलं की ९० कॅलरी, आमटीत मूठभर शेंगदाण्यांचं कूट घातलं की दीडशेच्या वर, भाकरीवर लोणी. तुमच्या भागात घराघरांत बेदाणा असतो. मूठभर बेदाणे आणि मूठभर शेंगदाणे डब्यात द्या, अडीचशे कॅलरी चालता-बोलता जातात. पलूसच्या वाचकाला सांगितलेलं दूध-केळं तिलाही चालेल. दिवसातून सहा वेळा, घड्याळ लावून. ताट टाळत असेल, लपवून टाकत असेल, सारखी काट्यावर उभी राहत असेल, तर रागावू नका. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांचीही मदत घ्यावी लागते.

मैदानावर शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तीन महिने पाळी न आलेल्या मुलीला स्टॉपवॉच लावून पळवू नका. तिला दवाखान्यात पाठवा. हा विषय पुरुष प्रशिक्षकाला बोलणं अवघड जात असेल तर तिच्या आईला फोन करा.

प्रश्न : तूप खाल्लं तर धावण्याचा वेग कमी होतो का? (जत)

उत्तर : नाही. फक्त धावायच्या तासभर आधी खाऊ नका, जड वाटेल.

प्रश्न : उपवासाच्या दिवशी सराव करावा का? (मिरज)

उत्तर : निर्जळी उपवास असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या. फराळाचा असेल तर हलका सराव चालेल, पण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीत. दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा घ्या. मधुमेहाची औषधं चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, मधुमेह आहे. निवृत्तीनंतर रोज तासभर भरभर चालतात. जेवण निम्मं झालंय. चार महिन्यांत वजन ६६ वरून ६० वर आलं. शेजारी म्हणतात, चांगलं झालं, साखर ताब्यात आली. थंडाई किंवा प्रोटीन पावडर सुरू करू का? (मिरज)

उत्तर : हे चांगलं झालेलं नाही. ठरवून न उतरवता ६६ तले ६ किलो गेले, म्हणजे नऊ टक्के. पाच टक्क्यांवरच तपासणी करायला हवी होती. साखर ताब्यात असल्याने नाही, साखर वाढलेली असल्यानेही वजन असं झरतं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने काहींची भूक कमी होते. क्षयरोग, थायरॉइड, पोटाचा आजार, अगदी कर्करोगही शोधून पाहावा लागतो. कवळी टोचत असेल तरी माणूस निम्मं जेवतो, आणि निवृत्तीनंतर मन उदास असेल तरीही. यातलं काय आहे हे शेजाऱ्यांना कळणार नाही आणि मलाही इथून कळणार नाही. लांब कर्नाटकातून लोक ज्या गावात उपचाराला येतात, त्या मिरजेत राहून चार महिने थांबलात, याचं मला फार वाईट वाटतं.

दूध-केळं-गूळ त्यांना देऊ नका. पावडरही नको, आधी किडनीचा रिपोर्ट बघू द्या. तोपर्यंत थोडं थोडं, पाच वेळा: मुगाचं घट्ट वरण, दही, चालत असेल तर उकडलेलं अंडं. चालणं निम्म्यावर आणा. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण जेवण निम्मं आणि साखरेच्या गोळ्या पूर्ण असं चाललं असेल तर साखर एकदम उतरूही शकते. घाम फुटणं, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालंय का ते विचारा, आणि झालं असेल तर आजच फोन करून डॉक्टरांना कळवा. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट पिशवीत घाला. चार महिन्यांत कधी किती वजन भरलं, तेही एका कागदावर लिहून न्या.