हस्तिदंत: विकावा, जाळावा की कुलपात ठेवावा?

प्रश्न: मेलेल्या हत्तींचे आणि चोरट्यांकडून जप्त केलेले सुळे सरकारी कोठारांत पडून असतात. तेच उघडपणे विकले तर भाव पडतील आणि शिकारही थांबेल. मग बंदीचा एवढा हट्ट कशाला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: हा प्रयोग दोनदा करून झाला आहे. आफ्रिकन हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइटिस' या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या 1989 च्या लोझान परिषदेत बंद झाला. त्याआधीच्या दहा वर्षांत आफ्रिकेतले हत्ती अंदाजे 13 लाखांवरून 6 लाखांवर आले होते. पुढे 1999 मध्ये बोट्सवाना, नामिबिया आणि झिंबाब्वे यांना सुमारे 50 टन माल जपानला विकू दिला. 2008 मध्ये दक्षिण आफ्रिकाही त्यांच्यात आली आणि चौघांनी मिळून 102 टन माल चीन व जपानला विकला. त्याचे आले जेमतेम दीड कोटी डॉलर, म्हणजे किलोला दीडशेच्या आसपास. तुमच्या प्रश्नातला जप्तीचा माल मात्र या विक्रीत नव्हता. नोंद असलेला, उगम ठाऊक असलेला सरकारी साठाच चालेल, अशी अटच होती.

भाव पडले का? नाही. चीनने आपला वाटा कारखान्यांना दरवर्षी थोडा थोडा आणि चढ्या दराने दिला. 2014 मध्ये तिथे कच्च्या दाताचा भाव किलोला 2,100 डॉलरपर्यंत गेला होता. सरकार दुकानं बंद करणार हे स्पष्ट झाल्यावर, 2017 च्या सुरुवातीला, तो 730 वर उतरला. त्याच वर्षअखेर तिथला देशांतर्गत बाजारही बंद झाला. आफ्रिकेतली शिकार 2011 च्या सुमाराला टोकाला पोहोचली होती. तिचं खापर 2008 च्या विक्रीवर फोडायचं की चिनी मध्यमवर्गाच्या हाती आलेल्या पैशावर, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

खरी अडचण कोरीवकाम सुरू झालं की येते. 'साइटिस'च्या नियमानुसार अख्ख्या सुळ्यावर, तसंच किमान 20 सेंटिमीटर लांब आणि शिवाय किमान एक किलो वजनाच्या तुकड्यावर, ठोकून किंवा न पुसणाऱ्या शाईने खूण करतात. देशाची दोन अक्षरं, वर्षाचे शेवटचे दोन आकडे, त्या वर्षाचा अनुक्रमांक आणि किलोतलं वजन, असा तो मजकूर असतो. करवत चालली की तो भुशात जातो. मग उरतो माल वैध असल्याचा दुकानदाराकडचा कागद, आणि वस्तू विकली गेली तरी कागद गल्ल्यातच राहिला, की पुढच्या चोरीच्या मालाला तोच लागतो. डीएनएवरून हत्ती कुठला आणि किरणोत्सारी कार्बनवरून तो साधारण कधी मेला, हे शोधता येतं. पण त्यासाठी नमुना कापून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. बांगडी-बांगडीला ते कोण करणार?

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांचं गाऱ्हाणं खोटं नाही. एकट्या बोट्सवानात एक लाख तीस हजारांच्या घरात हत्ती आहेत. पिकं तुडवली जातात, माणसं मरतात आणि कोठारांची राखणही त्यांच्याच खर्चाने होते. 2022 च्या पनामा परिषदेत झिंबाब्वेचा व्यापार खुला करण्याचा प्रस्ताव पडला, तेव्हा भारत तटस्थ राहिला होता. तरीही आमचं मत विक्रीच्या विरोधातच आहे. हत्तिणीची गर्भावस्था बावीस महिन्यांची, दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर. हा पुरवठा मागणीबरोबर वाढवता येत नाही, आणि चोर-साव ओळखण्याची सोय नसताना वैध दुकान ही चोरीच्या मालाची आडोशाची जागा होते.

प्रश्न: केनियाने इतका मौल्यवान माल जाळला, हा माज नव्हे का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: 30 एप्रिल 2016 रोजी 105 टन जाळले. विकण्याची परवानगी नसलेल्या मालाची किंमत कागदावरच असते. राखणीचा खर्च आणि कोठारातून चोरी होण्याची धास्ती मात्र खरी. जाळणं सोपंही नाही. नुसत्या लाकडाच्या आगीत सुळा वरवर काळा पडतो, म्हणून इंधनाचा मारा करावा लागतो. काही देश त्याऐवजी यंत्रात भुगा करतात.

प्रश्न: आजीच्या पेटीत पांढऱ्या बांगड्या आणि सोंगट्या सापडल्या. कागदपत्र काही नाही. काय करावं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: आधी त्या हस्तिदंताच्या आहेत का ते पाहा. भिंग घेऊन जाडीचा आडवा छेद दिसेल अशी कड तपासा. हत्तीच्या दातात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात. बाहेरच्या कडेजवळ त्यांचा कोन 115 अंशांहून मोठा असतो, मॅमथच्या दातात 90 हून लहान. हाडात अशी जाळी नसते, काळपट बारीक ठिपके किंवा रेघा असतात. सेल्युलॉइडवर, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकवर, रेघा असतात, पण त्या समांतर आणि एकसारख्या. अंगठ्याने घासून गरम केलं की त्याला कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वस्तू बिघडते आणि सेल्युलॉइड भसकन पेटतं.

हस्तिदंतच निघाला तर विकू नका, भेट देऊ नका, फेकूही नका. भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार देशात 1986 पासून बंद आहे, आफ्रिकन दाताचा 1991 च्या दुरुस्तीपासून. जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी 2003 मध्ये 180 दिवस दिले होते, ती मुदत कधीच सरली. वारशाने आलेली वस्तू मात्र वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायची असते. अर्ज जिल्ह्याच्या उपवनसंरक्षकांकडे द्या. सोबत फोटो, वजन-मापं, मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडा, पोचपावती घ्या. आजीच्या नावे मालकीचं सरकारी प्रमाणपत्रच नसेल किंवा 90 दिवस उलटले असतील, तर आधी वकील गाठा. बेकायदा ताब्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. आणि प्रमाणपत्र असूनही वस्तू नकोशी झाली, तर 2022 च्या दुरुस्तीनुसार ती सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही.

प्रश्न: मिरजेचा जुना तंबोरा लंडनला न्यायचा आहे. त्यावर पांढरी नक्षी आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर: ही नक्षी बऱ्याचदा सेल्युलॉइडची असते, म्हणून वरची तपासणी आधी करा. तारा जिच्यावर टेकतात ती घोडीही बघा: ती सांबरशिंगाची असेल तर त्यालाही वन्यजीव कायदा लागतो. शंभर वर्षांपलीकडचं वाद्य असेल तर पुरावस्तू कायदाही आडवा येतो. ब्रिटनमध्ये 1975 पूर्वीचं आणि 20 टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेलं वाद्य नोंदणी करून विकता येतं, असं तुमच्या वाचनात येईल. पण ती सवलत तिथल्या विक्रीपुरती आहे, भारतातून बाहेर काढण्याची परवानगी नव्हे. नक्षी खरोखर हस्तिदंताची निघाली तर तंबोरा इथेच ठेवा आणि तिकडे नवा न्या. ती उतरवून घ्यायचं ठरवलंत, तरी निघालेले तुकडे हस्तिदंतच राहतात आणि त्यांना वरच्या उत्तरातले सगळे नियम लागू होतात.